भाच्याला गोलच्या मागे बसायचंय, आणि पोरं बॅनर करतायत

फोंडा तालुक्यातल्या एका मामाचं पत्र आलंय. लांबलचक आहे म्हणून कापून देते.

"मावशी, माझा भाचा नऊ वर्षांचा. मागच्या वर्षी त्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. ताई आणि भावोजी त्याला घेऊन आठ महिने मुंबईत परळला राहिले, आता घरी आलेत, गोळ्या चालू आहेत, रक्त तपासायला बांबोळीला जावं लागतं. आजारी पडायच्या आधी तो वाड्यावरच्या फुटबॉल टीमचा गोली, म्हणजे गोलकीपर होता. एफसी गोवाचा एवढा वेडा की हॉस्पिटलच्या बेडवर पण ऑरेंज टीशर्ट. परवा मला म्हणाला, मामा, एकदा फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये गोलच्या मागे बसून मॅच बघायचीय. मी आमच्या सपोर्टर पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर सगळी पेटलीच. पंधरा फुटी बॅनर करायचा, त्यावर त्याचा मुंबईतला केस गेलेला फोटो, खाली 'फायटर' लिहायचं, तो आत शिरला की दोनशे जण उभे राहणार, ढोल, मोबाईलचे टॉर्च, रंगीत धूर, कोणाची तरी ओळख काढून त्याला मैदानावर नेणार, व्हिडिओ काढून व्हायरल करणार, एक जण म्हणतो तिथेच मदतीचे पैसे पण गोळा करू. ताईला हे कळलं आणि ती रडायलाच लागली, म्हणाली माझ्या पोराचा तमाशा करू नका, दृष्ट लागेल. आता माझ्याशी धड बोलत नाही. मावशी, पोरं मनापासून करतायत, ताईला कसं समजावू?"

अरे बाबा, ताईला समजावायचं नाहीये, आधी तिची माफी मागायचीय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की भाच्याला काय हवंय ते तू एका ओळीत लिहिलंयस आणि पोरांना काय करायचंय त्याने अख्खं पान भरलंय. पोराने मागितलं काय तर गोलच्या मागे बसायला. बस, तेवढंच. गोली आहे ना तो, त्याला गोलीच्या बाजूने मॅच बघायचीय, कॉर्नर आला की तो कुठल्या पोस्टला उभा राहतो, फ्री किकला भिंत कशी लावतो, डिफेंडरवर काय ओरडतो. आठ महिने ज्याने छतावरचा पंखा बघत काढले त्या पोराचं मागणं किती नेमकं आहे बघ. ते तू ग्रुपवर टाकलंस आणि संध्याकाळपर्यंत ते त्याचं राहिलंच नाही.

आणि ताईचं सांगते. तिच्या पोराच्या आजाराबद्दल दोनशे जण प्लॅन करतायत हे तिला सगळ्यात शेवटी कळलं. परळला आठ महिने तिने काय काय बघितलं असेल, कितीजणांच्या सह्या, कितीजणांनी पोराला टोचलेलं, बाजूच्या कॉटवरचं मूल एक दिवस दिसेनासं झालं असेल तर तेही. तिथे तिच्या हातात काही नव्हतं, डॉक्टर सांगतील ते. आता घरी आल्यावर कुठे जरा तिचं पोर तिच्या ताब्यात आलं होतं आणि तू ते परत लोकांच्या हातात दिलंस. तिला दृष्टीची भीती वाटते ना, तिला अंधश्रद्धा वगैरे सांगून गप्प करू नकोस हां. निघायच्या आधी तिला मीठ-मोहरी ओवाळायची असेल तर ओवाळू दे, तू स्वतः आणून दे. तिला भीती कसली वाटते ते मला तरी कळतं, की इतक्या डोळ्यांसमोर पोराला उभं केलं आणि नंतर रिपोर्ट वाईट आला तर ती आयुष्यभर त्या रात्रीला दोष देत बसेल.

मी बघितलेली एक गोष्ट सांगते. खूप वर्षं झाली, आमच्याकडे डिचोलीच्या बाजूला गावच्या मैदानावर फायनल होती. आमच्या शेजारची मुलगी, सात-आठ वर्षांची, हृदयाला छिद्र होतं, ती बापाच्या मांडीवर बसून भावाची मॅच बघत होती, हातात चण्यांची पुडी. हाफटाइमला माइकवर तिचं नाव घेतलं, आजाराचं नाव घेतलं, ऑपरेशनला किती खर्च आहे ते सांगितलं आणि दोन पोरं टॉवेल धरून लोकांमधून फिरायला लागली. पैसे जमले, बरेच जमले, आणि त्या पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी आजही म्हणेन. पण मी मागच्याच बाकावर होते. तिने पुडी उलटी केली, सगळे चणे खाली गेले, आणि ती नुसता तो कागद चुरगळत राहिली, भावाने नंतर गोल मारला तेव्हा पण तिने मान वर केली नाही. रात्री तिने आईला विचारलं, मी मरणार आहे म्हणून पैसे गोळा करतायत का. ऑपरेशन झालं, ती बरी झाली, आज तिला स्वतःचं मूल आहे. पण त्या मैदानाच्या रस्त्याने ती अजून जात नाही.

म्हणून पैशांचं आधी कापून टाक. मदत लागत असेल तर भावोजींना बाजूला घेऊन विचार, हवी असेल तर गुपचूप त्यांच्या अकाउंटला जाऊ दे, मॅचच्या दिवशी त्याचा उच्चारसुद्धा नको.

पण नेऊच नकोस असं मी म्हणत नाहीये, उलट नेच, ताई आणि डॉक्टर हो म्हणाले तर नक्की ने. फुटबॉलच्या गर्दीत आजारी पोराला खरंच काहीतरी मिळतं, मी ते मानते. तू फुटबॉलवाला, तुला ब्रॅडली लोवरी माहीत असेल. इंग्लंडमधल्या संडरलंड क्लबचा चिमुकला सपोर्टर, न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर होता. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एव्हर्टनविरुद्धच्या मॅचला तो टीमसोबत मैदानावर आला, आणि समोरच्या एव्हर्टन क्लबने त्याच्या उपचाराला दोन लाख पाउंड दिले. डिसेंबरमध्ये चेल्सीच्या मॅचआधी वॉर्मअप चालू असताना त्याला पेनल्टी मारायला दिली, गोलमध्ये चेल्सीचा बेगोविच, आणि पोराने मारली आत. बीबीसीने त्या महिन्याच्या बेस्ट गोलमध्ये तो गोल धरला. संडरलंडचा स्ट्रायकर जर्मेन डिफो तर त्याचा दोस्तच झाला, हॉस्पिटलमध्ये जाऊन भेटायचा, मार्च २०१७ ला वेम्बलीवर इंग्लंडकडून खेळायला उतरला तेव्हा ब्रॅडली त्याचा हात धरून होता, आणि त्याच मॅचमध्ये डिफोने गोल केला. ७ जुलै २०१७ ला पोर गेलं, सहा वर्षांचं. अंत्ययात्रेला लोक फुटबॉलच्या जर्सी घालून आले होते.

मला यातली पेनल्टीच सगळ्यात आवडते. त्याला नुसतं उभं करून टाळ्या नाही वाजवल्या, बॉल दिला त्याच्या पायात, की मार. पोराला करायला काहीतरी दिलं.

आणि त्याच पोराची दुसरी गोष्ट पण ऐक, ती बॅनरवाल्या पोरांना सांग. २०२३ मध्ये, म्हणजे तो जाऊन सहा वर्षं झाल्यावर, शेफील्ड वेन्सडे क्लबच्या मॅचला त्यांच्या एका सपोर्टरने संडरलंडवाल्यांना डिवचायला ब्रॅडलीचाच फोटो मोबाईलवर दाखवला. प्रकरण कोर्टात गेलं, त्याने गुन्हा कबूल केला, स्टेडियममध्ये यायला दहा वर्षं बंदी झाली. पण आईबापाला ते बघावं लागलंच ना. फोटो एकदा बाहेर गेला की कोणाच्या हातात जाईल, कधी, कशाला वापरतील, सांगता येत नाही. तुझ्या भाच्याला बरं होऊन मोठं व्हायचंय, कॉलेजला जायचंय, आणि गुगलवर त्याचं नाव टाकलं की केस गेलेला फोटो यायला नको. ल्युकेमियाची बरीचशी मुलं आता बरी होतात, पोरांना हे माहीतच नसतं, ती आधीच निरोप दिल्यासारखं वागतात. तो 'फायटर' शब्द पण मला नको वाटतो, आजार परत वाढला तर पोराला वाटतं आपण लढायला कमी पडलो. बॅनर नको, व्हिडिओ नको. घरच्यांनी स्वतःसाठी एक फोटो काढला तर ती वेगळी गोष्ट.

अमेरिकेत आयोवा युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमला लागून मुलांचं हॉस्पिटल आहे. तिथलं फुटबॉल वेगळं, हातात बॉल घेऊन पळतात ते, पण माणसं तीच. २०१७ पासून तिथे पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम, सत्तर हजाराच्या आसपास लोक, हॉस्पिटलकडे तोंड करून वरच्या मजल्यावरच्या मुलांना हात हलवतात. मुलं काचेतून उलटा हात हलवतात. नाव नाही, आजार नाही, कोण बरं होणार कोण नाही काही नाही. आणि हॉलंडमध्ये २०१६ ला फेयेनूर्ड क्लबच्या स्टेडियममध्ये एडीओ डेन हागचे सपोर्टर, म्हणजे समोरच्या टीमचे, वरच्या मजल्यावर बसले होते, खाली हॉस्पिटलमधून आणलेली मुलं, तर त्यांनी वरून मऊ खेळण्यांचा पाऊस पाडला, मुलं झेलतायत. तुझा भाचा गोली आहे म्हणून हे मुद्दाम सांगते, झेलायला दिलं!

तर आता करायचं काय. आज ताईकडे जा, ग्रुपचं काही बोलू नकोस, चूक झाली म्हण आणि गप्प बस, तिला बोलू दे. मग तिच्यासमोर भाच्याला विचार, तुला कसं आवडेल, कोणी हाय केलं तर चालेल का, नाव घेतलं तर चालेल का, कोणाला माहीत असलेलं नकोय का. नऊ वर्षांचं पोर सगळं सांगतं. नाही म्हणाला तर तुझ्या पोरांनी त्याला ओळखसुद्धा दाखवायची नाही, आणि तेही स्वागतच आहे, की तो इतर पोरांसारखा आला, ओरडला, घरी गेला.

मग डॉक्टर, आणि तिकीट काढायच्या आधी डॉक्टर. आठ महिन्यांनंतर घरी गोळ्यांवर आहे म्हणजे बहुतेक मेंटेनन्स, आजार परत येऊ नये म्हणूनचे उपचार, चालू असणार, या टप्प्यात बरीच मुलं शाळेतही जातात, त्यामुळे डॉक्टर एकदम नाही म्हणतील असं धरून चालू नका. पण त्याच आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट हवा. ताईला न्यूट्रोफिल म्हणजे काय ते तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी, त्या ५०० च्या खाली असतील तर गर्दीचा विषयच काढू नकोस. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी असतील तर बॉल लागून, धक्का लागून रक्त येऊ शकतं. आणि एक विचार, स्टेरॉइडच्या गोळ्यांचे दिवस कधी आहेत. बऱ्याच मुलांना मधूनमधून पाच दिवस त्या असतात, त्या दिवसांत पोर चिडचिडं होतं, सारखी भूक लागते, आणि सोबत जे इंजेक्शन असतं त्याने पाय दुखतात, स्टेडियमच्या पायऱ्या त्याला डोंगरासारख्या वाटतील. तो आठवडा सोडून मॅच निवड.

ताप १००.४ च्या वर गेला, म्हणजे ३८ सेल्सिअस, तर ती इमर्जन्सी, मॅच कितीही रंगात असू दे. घरचं पॅरासिटामॉल देऊन बघू म्हणायचं नाही, त्याने ताप झाकला जातो, थेट डॉक्टरांना फोन करून निघायचं. फातोर्ड्याहून कुठे जायचं, मडगावातच की बांबोळीला, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेव आणि मॅच सुटल्यावरचं ट्रॅफिक डोक्यात धर. फाइलच्या पानांचे फोटो तुझ्या मोबाईलमध्ये पण असू देत, फक्त ताईच्या नको.

पोरांमध्ये कोणाच्या घरी कांजण्या किंवा गोवर असेल तर त्याने त्या दिवशी लांब राहायचं, अंगावर काही दिसत नसलं तरी. कांजण्यांचे फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देत असतो आणि या मुलांना ते फार महागात पडतं. नंतर कळलं की आपण जवळ बसलो होतो, तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. सर्दीवाला पण नको. गालगुच्चे नको, पापी नको, हात मिळवायचा तर सॅनिटायझर लावून. रंगीत धूर आणि पावडर एकदम बंद. खाणं घरून, गाड्यावरचं रस ऑम्लेट त्याला कितीही आवडत असलं तरी त्या दिवशी नाही. ताईला करायला सांग काहीतरी त्याच्या आवडीचं, तिला तेवढाच धीर.

आता माझ्या डोक्यात जे आहे ते सांगते. मॅचच्या वेळेला नेऊ नकोस, खूप आधी ने, गेट उघडलं की लगेच. गोलीलोक बाकीच्या टीमच्या आधी वॉर्मअपला येतात ना, कोचसोबत, पाऊण तास आधी तरी. तुझ्या भाच्याला जे बघायचंय ते सगळं तिथेच आहे. कोच जवळून शॉट मारतोय, तो डावीकडे पडतोय, उठतोय, उजवीकडे पडतोय, ग्लोव्हजवर बॉल आपटल्याचा तो थाप असा आवाज, आणि तो आवाज मॅच चालू झाल्यावर एकोणीस हजारांच्या स्टेडियममध्ये ऐकूच येत नाही. तेव्हा गर्दी नसते, पार्किंग मिळतं, ढोल चालू झालेले नसतात, ताई पण निवांत बसेल. गोलच्या मागेच बसवायचं पण अगदी खाली नाही, वरच्या रांगेत, नेटवरून जाणारे बॉल जोरात येतात. रांगेच्या कडेच्या सीटा घे म्हणजे उठून जाता येईल, ढोलवाल्यांपासून लांब. मास्क राहू दे, ऑरेंज मिळत असेल तर ऑरेंज.

क्लबला आधी लिहून बघ, की असा असा पोर येतोय, गोली आहे, वॉर्मअपला तुमच्या गोलीने या बाजूला बघून नुसता हात केला तरी चालेल. मैदानावर न्यायचं मागू नकोस. हो म्हणाले तर छान, उत्तर नाही आलं तर भाच्याला काही माहीतच नसेल, मग वाईट कसलं वाटेल. कबूल होईपर्यंत त्याला अजिबात सांगायचं नाही.

आणि पोरांचं मन मोडू नकोस रे, त्यांना कामं दे. एकाने गाडी गेटजवळ लावायला जागा धरायची. दोघांनी त्याच्या मागच्या सीटवर बसायचं म्हणजे मागून कोणी अंगावर पडणार नाही, हे मोठं काम आहे, गोल झाला की लोक कसे उसळतात तुला माहितीये. एकाने बाहेरच्या रस्त्याकडे लक्ष ठेवायचं. भाचा हो म्हणाला असेल तर वॉर्मअपच्या वेळी पाच-सहा जणांनी त्याच्यासाठी एक गाणं म्हणायचं, आपल्या गोलीसाठी म्हणतो तसलंच, आजारपणाचा शब्द नसलेलं. चवथीच्या आरतीला घुमट, ते आपलं मातीचं वाद्य, वाजवणारं कोणी असेल तुमच्यात तर एक घुमट पुरे, त्याचा आवाज कानाला मऊ लागतो.

हाफटाइमला दोन्ही टीम बाजू बदलतात, म्हणजे दोन हाफमध्ये त्याला दोन्ही गोली दिसतील. पण तो हाफटाइमला दमला तर निघायचं, दहाव्या मिनिटाला दमला तरी निघायचं, अर्ध्या वाटेवर बोरी पुलावरून परत फिरावं लागलं तरी फिरायचं. तोंडावर नाराजी दाखवायची नाही, पोरं मोठ्यांसाठी खोटं खोटं बरं वाटतंय म्हणतात, ही मुलं तर जास्तच. आणि सकाळी ताई उठून नको म्हणाली तर त्या दिवशी नको. मॅचेस काय, परत येतील.

आता ग्रुपवर टाकायचं ते मी लिहून देते, ताईला दाखवून मगच टाक:

"दोस्तांनो, बॅनर, व्हिडिओ, पैसे सगळं कॅन्सल, चूक माझी आहे, मी ताईला न विचारता टाकलं होतं. आधीचे फोटो डिलीट करा प्लीज. भाच्याला गोलच्या मागे बसून वॉर्मअप बघायचाय. पाच-सहा जण पाहिजेत, लवकर येणारे, सर्दी नसलेले. गाणं म्हणायचं की नाही ते तो सांगेल."